बांधलेलें गिऱ्हाईक आणि जोडलेलें गिऱ्हाईक

गिऱ्हाईक बांधणें आणि गिऱ्हाईक जोडणें हे दोन शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यांत पुष्कळदां एकाच अर्थानें येतात. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें पाहिलें असतां या दोहोंत फार मोठें अंतर आहे. बांधलेलें गिऱ्हाईक दुकान सोडतां येत नाहीं म्हणून येतें. जोडलेलें गिऱ्हाईक दुसरीकडे जाण्यास मोकळें असूनहि येतें. बाहेरून पाहणारास या दोघांत कांहींच फरक दिसत नाहीं. दोघेंहि दर महिन्यास तीच पायरी चढतात, दोघांचींहि नांवें त्याच वहींत लिहिलेलीं असतात, आणि दिवाळीच्या सुमारास वहीपूजनाचा प्रसाद दोघांनाहि सारखाच मिळतो. फरक कळून येतो तो अडचणीच्या दिवशीं. दुकानावर वाईट दिवस आले म्हणजे एक जण सुटलों म्हणून निघून जातो आणि दुसरा चौकशी करण्यास येतो. लहान दुकानदाराचें भवितव्य त्याच्या वहींत या दोहोंपैकीं कोणत्या प्रकारचीं गिऱ्हाइकें अधिक आहेत, यावर अवलंबून असतें. अमरावती व अकोला या वऱ्हाडांतील दोन पेठांच्या अनुषंगानें या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

या विचाराला वऱ्हाडचीच भूमि निवडण्याचें कारण असें कीं, येथील पैसा वर्षभर सारखा वाहत नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. त्यामुळें विलायतच्या गिरण्यांना तिकडील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व मागणी आली. पुढें १८६७ सालीं आगगाडी नागपुरापर्यंत पोंचली. अकोला व बडनेरा हीं स्थानकें त्याच मार्गावर आलीं आणि अमरावती बडनेऱ्याशीं फाट्यानें जोडली गेली. या पेठांचा विस्तार झाला तो कापसाच्या गाड्यांमागोमाग. आज कपाशीच्या जोडीस सोयाबीन व तूर हीं पिकें आलीं आहेत, अकोल्यास डाळीच्या गिरण्या चालतात, नोकरदारांचा पगारहि बाजारांत येतो. तरी मूळ चाल बदललेली नाहीं. खर्चाचा मोठा भार जून महिन्यांत पडतो. बियाणें, खत, घराची डागडुजी, मुलांचीं वह्यापुस्तकें, सर्व एकदम. पैसा मात्र दसऱ्यानंतर दिसूं लागतो. हातीं पैसा नसतांना खर्च करावयाचा आणि पैसा आला कीं देणीं फेडावयाचीं, असा हा क्रम आहे. म्हणून वऱ्हाडांत उधारी ही दुकानदाराची मेहेरबानी नसून व्यापाराची गरज आहे. शिंप्याचें, भांडेवाल्याचें आणि वाणसामानाच्या दुकानाचेंहि वर्ष याच लयीनें चढतें आणि उतरतें.

ही उधारीच गिऱ्हाइकास बांधूं शकते आणि तीच त्यास जोडूंहि शकते. बांधण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. ज्याचें देणें बाकी असतें त्यास भाव विचारण्याचा धीर होत नाहीं. दुकानदार जो माल पुढें करील तो तो मुकाट्यानें घेतो. हिशेब एकट्या दुकानदाराच्या वहींत असतो. काय लिहिलें तें घेणारास ठाऊक नसतें, आणि विचारावें तर माणूस अविश्वासू ठरावयाचा. असें गिऱ्हाईक वर्षानुवर्षें येत राहतें. दुकानदार अभिमानानें सांगतो कीं, आपलें गिऱ्हाईक तीन पिढ्यांचें आहे. त्या तीन पिढ्यांच्या मनांत काय साठलें आहे याची त्यास कल्पना नसते.

तें साठलेलें काय असतें हें महाराष्ट्रानें एकदां पाहिलें आहे. पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांच्या जमावानें सावकार-दुकानदारांच्या घरांवर हल्ला केला, आणि लवकरच तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गांवांत पसरलें. अमेरिकेंतील युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारनें जमीनमहसूल वाढविला होता आणि कर्जाचा बोजा असह्य झाला होता. या दंग्यांतील लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. ते हातीं पडले कीं त्यांची होळी होई. ज्यांनीं ते कागद जाळले ते त्या दुकानांचे अगदीं नियमितपणें येणारे लोक होते. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. त्यांत कर्जदार शेतकऱ्यास रकमेची लेखी पावती, दरसालचा हिशेब आणि खात्याचें पुस्तक मागण्याचा हक्क देण्यांत आला. पावती देणें आणि हिशेब दाखविणें या गोष्टी सावकारांनीं आपण होऊन केल्या असत्या तर त्या कायद्यानें सांगण्याची वेळ कशास आली असती?

वऱ्हाडनें या बाबतींत एक निराळा धडा घालून दिलेला आहे. हिंदुस्थानांतील पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ सालीं कारंजें येथें स्थापन झाला. हें गांव तेव्हां वऱ्हाडच्या अमलांत होतें. १९९८ पासून तें वाशीम जिल्ह्यांत मोडतें. त्यानंतर १८९७ सालीं वऱ्हाडसाठीं कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला आणि बाजारावर देखरेख करण्याकरितां समित्या नेमण्याची सोय झाली. १९२८ सालीं शेतीविषयक शाही आयोगानें वऱ्हाडच्या या व्यवस्थेची दखल घेतली आणि असे बाजार इतरत्रहि निघावे अशी शिफारस केली. हिंदुस्थानांतील बाजारांत त्या काळीं कोणत्या खोडी चालत असत तें सांगितलें म्हणजे या व्यवस्थेची किंमत कळते. दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत; मालाचा धनी शेजारीं उभा असूनहि त्यास तो ऐकूं येत नसे. वजनांत कमीजास्त होई. नमुन्याच्या नांवानें मूठ, धर्मादायाच्या नांवानें कांहीं रक्कम, मापाड्याची निराळी, हमालाची निराळी, अशी कापाकापी होऊन शेतकऱ्याच्या हातीं काय उरेल याचा भरंवसा नसे. नियंत्रित बाजारानें उघडा भाव, परवानाधारक मापाडी आणि ठरलेली कपात या तीन गोष्टी आणल्या.

परंतु कायद्याचें काम एवढ्यावर संपतें. खरें वजन हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तें दिल्याबद्दल कोणी कोणाचा ऋणी होत नाहीं. एकाच बाजारसमितीच्या आवारांत एकाच कायद्याखालीं अनेक अडत्ये बसलेले असतात, आणि तरीहि कांहीं अडत्यांच्या ओट्यापुढें गाड्यांची रांग लागते व कांहीं ओटे रिकामे राहतात. याचें कारण कायद्याच्या पलीकडे शोधलें पाहिजे. रात्रीं उशिरां आलेल्या गाडीवानास निजावयास जागा आहे काय, पाण्याचा रांजण भरलेला आहे काय, माल विकला गेल्यावर पैसे त्याच दिवशीं मिळतात कीं चार खेपा माराव्या लागतात, भाव उतरला असेल तर तसें अडत्या आधीं सांगतो कीं माल उतरून घेतल्यावर, अशा लहानसहान गोष्टींवरून शेतकरी आपला ओटा ठरवितो. हक्काचें तें सर्वांनींच दिलें म्हणजे निवड होते ती हक्कापलीकडे कोण काय देतो यावरून.

हक्कापलीकडे जें द्यावयाचें त्याचे मुख्य भाग तीन: मोकळा हिशेब, वेळेवरचा सल्ला आणि सहवास.

पहिला भाग हिशेबाचा. उधारी टाळतां येत नसेल तर ती उजेडांत ठेवावी. नोंद करतांना रक्कम मोठ्यानें वाचून दाखवावी, गिऱ्हाइकाच्या हातीं त्याची स्वतःची लहान वही द्यावी, आणि दोन्हीं वह्या महिन्याअखेर ताडून पाहाव्या. रोखीचा भाव व उधारीचा भाव यांत फरक असेल तर तो आधीं सांगावा. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देणें बाकी असतांनाहि गिऱ्हाइकानें दुसऱ्या दुकानांतून रोखीनें माल घेतला तर त्याबद्दल तोंड वेंगाडूं नये. गिऱ्हाइकास जाण्याची मोकळीक असली म्हणजे त्याच्या येण्यास अर्थ प्राप्त होतो. त्याचबरोबर उधारीस मर्यादाहि हवी. ज्याची फेडण्याची शक्ति पांच हजारांची आहे त्यास पंधरा हजारांचा माल देणें यास औदार्य म्हणतां येणार नाहीं. तो माणूस तोंड चुकवूं लागतो, आणि दुकानदाराचा पैसाहि जातो व माणूसहि जातो.

दुसरा भाग सल्ल्याचा. याचें उत्तम उदाहरण वऱ्हाडांतील कृषिसेवा केंद्रांत पाहावयास मिळतें. संकरित कपाशीचें बियाणें शेतकऱ्यास दरवर्षीं नवें विकत घ्यावें लागतें. म्हणजे दुकानदाराची आणि त्याची गांठ दर मृगांत ठरलेलीच. पहिली सर पडली कीं शेतकरी धांवत दुकानीं येतो. पुरेशी ओल होण्यापूर्वीं पेरलें आणि पावसानें ओढ दिली तर उगवलेलें करपतें आणि दुबार पेरणीची पाळी येते. एका पेरणीचा पैसा उसनवारीचा, त्यावर दुसरीचा. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करूं नये, असा कृषिखात्याचा नेहमीचा सल्ला असतो. आतां येथें दुकानदाराची खरी परीक्षा आहे. दुबार पेरणी म्हणजे त्याची दुप्पट विक्री. जो दुकानदार बियाण्याची पिशवी हातांत देतांना "अजून आठ दिवस थांबा" असें सांगतो, तो आपल्याच दुसऱ्या विक्रीवर पाणी सोडतो. असे दुकानदार पक्की पावती देतात, तीवर पिशवीवरील गट क्रमांक लिहितात, आणि पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडेसें बियाणें जपून ठेवण्यास सांगतात. कारण बियाणें उगवलें नाहीं तर तक्रारीस पुरावा हाच. आपल्याविरुद्धहि उपयोगी पडेल असा पुरावा जो आपण होऊन गिऱ्हाइकाच्या हातीं देतो त्याच्याविषयीं शंका कोण घेणार?

हा सल्ला कधीं कधीं प्राणाच्या मोलाचा ठरतो. २०१७ सालच्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषधें फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों लोकांना रुग्णालयांत जावें लागलें. उंच वाढलेल्या पिकांत, वाऱ्याच्या उलट दिशेनें, तोंडास फडकेंहि न बांधतां केलेली फवारणी आणि निरनिराळ्या औषधांचें मिश्रण हीं त्याचीं कारणें सांगितलीं गेलीं. शेतकरी कृषिखात्याच्या कचेरींत क्वचित् जातो. औषधाच्या दुकानांत तो जातोच जातो. कोणतें औषध कशांत मिसळूं नये, हातमोजे व मुखपट्टी कां वापरावी, उपाशीं पोटीं फवारणी कां करूं नये, हें सांगणारा त्यास भेटणारा पहिला आणि पुष्कळदां शेवटचा माणूस म्हणजे दुकानदार. त्या दोन मिनिटांच्या बोलण्यासाठीं तो निराळा पैसा घेत नाहीं. परंतु उधारीनें बांधलेल्या गिऱ्हाइकास असे प्रश्न विचारण्याचेंच भय वाटतें, आणि बांधणाऱ्या दुकानदारास सांगण्याची गरज वाटत नाहीं. दोन प्रकारच्या नात्यांमधील अंतर येथें माणसाच्या जिवापर्यंत येऊन भिडतें.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, जें गिऱ्हाईक पुन्हां भेटणारच नाहीं त्याच्यासाठीं एवढी तसदी कशाला? या शंकेचें उत्तर अकोल्याच्या पश्चिमेस शेगांवच्या स्थानकावर मिळतें. सुमारें १९५० च्या आसपास पंजाबांतून आलेल्या एका कुटुंबानें तेथें कचोरी विकण्यास आरंभ केला. आगगाडीच्या स्थानकावर शिळें विकून निभावतें, कारण तक्रार करणारा प्रवासी पुढच्या स्थानकापर्यंत पोंचलेला असतो. असें असूनहि डाळीचें तिखट सारण भरलेली गरम कचोरी आणि सोबत तळलेली हिरवी मिरची, हा बेत तेथें टिकून राहिला. गजानन महाराजांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंनीं आणि जातायेतां गाडींतून उतरणाऱ्यांनीं ती चव घरोघरीं नेली. आज वऱ्हाडांतील गांवोगांवच्या पाट्यांवर "शेगांव कचोरी" हीं अक्षरें दिसतात. दोन मिनिटें थांबणाऱ्या प्रवाशासहि कायमचें गिऱ्हाईक समजून माल दिला तर तो स्वतः परत न आला तरी दहा जणांना पाठवितो.

तिसरा भाग सहवासाचा. दुकान म्हणजे केवळ मालाची कोठी नसून माणसांनीं एकत्र येण्याचें ठिकाण होय. हें ज्या उद्योजकांनीं फार लवकर ओळखलें त्यांत किर्लोस्करांचें नांव अग्रगण्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढें लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी त्या काळीं शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० सालीं कारखान्यानें "किर्लोस्कर खबर" नांवाचें लहानसें पत्र काढलें. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखालीं तें वाढत गेलें, त्याचें "किर्लोस्कर" मासिक झालें, आणि १९३० सालीं "स्त्री" व १९३४ सालीं "मनोहर" हीं मासिकें त्याच्या जोडीस आलीं. नांगर विकणाऱ्या कारखान्याचें नांव ज्या घरांत नांगर कधीं गेला नाहीं अशा शहरी घरांतहि आदरानें घेतलें जाऊं लागलें. वाचकांना दर महिन्यास वाचनीय मजकूर मिळत होता, म्हणून तें नांव त्यांच्या घरांत राहिलें. केवळ जाहिरातीचें पत्रक असतें तर तें दुसऱ्या दिवशीं चुलींत गेलें असतें.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या लहान दुकानदारास मासिक काढण्याची आवश्यकता नाहीं. त्याच्या आवांक्यांतल्या गोष्टी पुष्कळ आहेत. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जातो तेव्हां दुकानापुढें पाणपोई ठेवावी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं लांकडी बैल सजवून आणणाऱ्या पोरांना खाऊ द्यावा. वह्यापुस्तकांच्या दुकानदारानें गेल्या वर्षींचीं चांगलीं पुस्तकें घेऊन तीं गरजू विद्यार्थ्यांपर्यंत पोंचवावीं. शेजारीं कोणी आजारी असेल तर सामान घरपोंच करावें. यांत एकच पथ्य पाळावें लागतें. केलेल्या कामाचा फलक लावूं नये. पाणी पिणाराच्या डोळ्यांपुढें देणाऱ्याचें नांव हातभर अक्षरांत लटकत असलें कीं त्यास तें पाणी विकतचें वाटूं लागतें.

या सर्वांच्या पुढची पायरी गिऱ्हाइकांनीं स्वतःच गांठली आहे. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं १८४४ सालीं अठ्ठावीस लोकांनीं, ज्यांत विणकर पुष्कळ होते, आपल्या भांडवलावर एक लहानसें दुकान उघडलें. पीठ, लोणी, साखर असे मोजके जिन्नस, शुद्ध माल, पुरें वजन आणि केवळ रोखीचा व्यवहार, अशी त्यांची रीत होती. नफा ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत वांटला जाई. उधारीनें कामगार दुकानदाराचा बांधील होतो हें त्यांनीं पाहिलें होतें. जगभर पसरलेल्या ग्राहक सहकाराचा तो पाया ठरला. महाराष्ट्रांत १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचें सामान एकत्र मागविण्याची व आपसांत वांटून घेण्याची पद्धति चालविली आहे. तेथें सामान घेण्याच्या निमित्तानें शेजारी एकमेकांना ओळखूं लागतात, आणि ती ओळखच संघ टिकवून धरते. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला व २०१९ सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. हक्काची बाजू अशी उत्तरोत्तर बळकट होत आहे.

आज मोठमोठ्या कंपन्या भ्रमणध्वनीवरून आलेल्या मागणीप्रमाणें घरच्या उंबरठ्यावर माल आणून टाकतात. त्यांच्याशीं भावाची स्पर्धा करणें लहान दुकानदारास शक्य नाहीं, आणि तिच्या नादीं लागून पुष्कळ दुकानें बुडतात. मोठ्या कंपनीस सर्व गिऱ्हाइकांचा हिशेब ठाऊक असतो. परंतु कोणाच्या घरीं या आठवड्यांत बारसें आहे आणि कोणाचें पीक गेलें आहे हें तिला ठाऊक नसतें. लहान दुकानदाराचें भांडवल हेंच. अर्थात् सेवेसहि खर्च असतो. प्रत्येकाच्या प्रत्येक मागणीस होकार देणारा दुकानदार सहा महिन्यांत थकतो आणि मग सर्वांशींच तुसडेपणानें वागूं लागतो. जें कायम निभावतां येईल तेवढेंच करावें, आणि तें कोणाचेंहि तोंड न पाहतां सर्वांसाठीं करावें.

हें नातें एका हातानें जुळत नाहीं. सुशिक्षित घरांत असा एक प्रकार सर्रास दिसतो कीं, मोठ्या दुकानांत रोख पैसे मोजून भाव न विचारतां खरेदी होते, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मात्र रुपया-दोन रुपयांची घासाघीस करून वर उधारी ठेवली जाते. मोठ्या दुकानांत जो सभ्यपणा दाखविला जातो तो ओळखीच्या माणसाशीं दाखविण्यास काय हरकत आहे? उधारी ठरल्या दिवशीं फेडणें, तक्रार असेल तर ती पाठीमागें न करतां समोर सांगणें, आणि चांगल्या मालाचें चार ठिकाणीं नांव काढणें, एवढें गिऱ्हाइकाकडून घडलें तर दुकानदाराचाहि हुरूप वाढतो.

आपलें गिऱ्हाईक बांधलेलें आहे कीं जोडलेलें, हें ओळखण्याची कसोटी दुकानदाराच्या वहींतच आहे. कापूस विकला जातो, शेतकरी किंवा नोकरदार दुकानीं येतो, मागील सर्व बाकी चुकती होते आणि खात्यावर आडवी रेघ ओढली जाते. त्या दिवसापासून तो माणूस कोणाचा देणेकरी नाहीं. बाजारांतील सर्व दुकानें त्यास सारखींच मोकळीं आहेत. दुकानदारानें त्यानंतरचें पान उलटून पाहावें. त्या नांवाखालीं पुढच्याच आठवड्यांत नवी नोंद, आणि तीहि रोखीची, पडलेली असेल तर तें गिऱ्हाईक जोडलेलें आहे. पान कोरें राहिलें असेल, तर इतकीं वर्षें त्यास दुकानांत आणीत होतें तें केवळ कर्ज, हें दुकानदारानें समजून घ्यावें आणि पुढच्या मृगापूर्वीं आपली रीत बदलावी.